बोटांनी वाचलेला कोश

खटखटमावशींना डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त चांगलं वाचता येतं, हे त्यांना स्वतःलाही वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळलं एका मंगळवारी दुपारी, छापखान्याच्या मागच्या खोलीत, आणि त्याला कारण झाला एक घरजावई.

हा घरजावई म्हणजे माणूस नव्हे. छापखान्यात नवा संगणक आला तेव्हा त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक निळसर ठिपका होता. त्यावर बोट टेकवलं की तो बोलायचा. विचारलेलं सांगायचा, न विचारलेलंही सुचवायचा, पडद्यावर काय चाललंय ते बघायचा. त्याला कुणी मागवलं नव्हतं. तो संगणकाच्या मूळ प्रणालीतच बसवून आला होता. छापखान्याच्या मालकांना सगळे धाकटे म्हणतात. धाकट्यांनी दोन दिवस खटपट केली, ठिपका काही हलेना. शेवटी त्यांनी हात टेकले.

"हा जायचा नाही," ते म्हणाले. "न बोलावता आलाय, बसून राहिलाय, आणि वर आपणच ह्याची मर्जी सांभाळायची. घरजावई आहे हा."

तेव्हापासून तेच नाव पडलं.

मावशी त्या वेळी छापखान्यात नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी त्या घरी बसल्या होत्या. त्यांना कुणी काढलं नव्हतं, पण काम आपोआप आटत गेलं. लेखक मंडळी मजकूर स्वतःच टाइप करून पाठवू लागली, काही जण तर फोनला तोंडी सांगून लिहून घेऊ लागले. एक दिवस सकाळी येऊन मावशींनी खुर्ची पुसली, संध्याकाळपर्यंत तिच्यावर बसल्या आणि एकही ओळ न टाइप करता घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या राजीनामा घेऊनच. धाकट्यांनी आढेवेढे घेतले, पण ते भिडेपोटी आहेत हे दोघांनाही कळत होतं.

त्याआधीची अडतीस वर्षं त्या तिथेच होत्या. विसाव्या वर्षी टाइपरायटरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र घेऊन आल्या होत्या. तेव्हा छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारी चार माणसं होती आणि टाइपरायटर फक्त पत्रव्यवहारापुरता होता. मावशी तो इतक्या जोरात आणि इतक्या भरभर बडवत की मधल्या भिंतीपलीकडची माणसं वैतागत. "आली खटखट," असं म्हणत. पुढे वय वाढलं तशी खटखटीला मावशी जोडली गेली.

मग संगणक आला. तेव्हा मालक होते धाकट्यांचे मोठे भाऊ, थोरले. बाजारात मिळणारे फॉन्ट थोरल्यांच्या डोळ्यांना खुपायचे. "ही अक्षरं आहेत की मुंग्या?" म्हणायचे. त्यांनी आलेखाच्या कागदावर स्वतः अक्षरं काढली, सात महिने खपून त्यांचा फॉन्ट केला, आणि मग प्रश्न आला की कोणतं अक्षर कोणत्या कळीवर ठेवायचं. थोरल्यांनी मावशींना समोर बसवलं.

"डोळे मिट. म्हण, 'काना'. बोट कुठे जातंय?"

"इथे."

"मग काना इथेच."

अशी अक्षरामागून अक्षरं बसली. सगळ्यात जास्त लागणारी सगळ्यात सोप्या बोटाखाली, क्वचित लागणारी करंगळीच्या टोकाला. त्या फॉन्टची मांडणी जगातल्या दुसऱ्या कुठल्याच कळफलकाशी जुळत नव्हती. ती एका बाईच्या हातावर बेतलेली होती, शिंप्याने अंगावर झबलं बेतावं तशी. थोरले असेपर्यंत आणि नंतरही छापखान्याचं प्रत्येक पुस्तक त्याच फॉन्टात निघालं.

त्यातलं सगळ्यात मोठं काम होतं मास्तरांच्या कोशाचं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि कारागिरांचे शब्द गोळा करत हिंडू लागले. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, कुलपं दुरुस्त करणारे, चाकूंना धार लावणारे. प्रत्येकाच्या दुकानात बाकावर बसायचं, हत्याराकडे बोट दाखवायचं आणि विचारायचं, "ह्याला काय म्हणता?" चिठ्ठ्या आणून मावशींना द्यायच्या. चौदा हजार शब्द, अकराशे चाळीस पानं, अकरा वर्षं. टाइप झालेल्या चिठ्ठ्या पाठकोऱ्या म्हणून मास्तरांनी नातवंडांना चित्रं काढायला दिल्या. लाल पेनाने तपासलेली प्रूफं छापखान्याच्या माळ्यावर होती, ती जागा बदलताना रद्दीत गेली. कुणाला त्याची फिकीर वाटली नाही. संगणकात होतं की सगळं.

आणि मास्तर काही "छापा" म्हणेनात. नवा शब्द सापडायचा, पुरवणी वाढायची. "मास्तर, भाषा संपायची वाट बघताय का?" असं मावशी एकदा म्हणाल्या होत्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी मास्तरांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की डोळ्यांतला पडदा झपाट्याने झिजतोय. वाचण्यापुरती नजर फार तर आणखी वर्षभर धरून चालावी. मास्तर तिथून थेट छापखान्यात आले.

"छापा," म्हणाले. "मला तो एकदा वाचायचाय. पुस्तक म्हणून."

धाकट्यांनी जुन्या फाइली नव्या संगणकावर उघडल्या. पडद्यावर पसरली ती आडवीतिडवी इंग्रजी अक्षरं, मधेच डॉलरचं चिन्ह, कंस, उद्गारचिन्हं, टक्के. थोरल्यांचा फॉन्ट जुन्या यंत्रात होता, आणि जुनं यंत्र दीड महिन्यापूर्वी धूर सोडून बंद पडलं होतं. फाइली संगणकाला बाहेरून जोडायच्या वेगळ्या डबीत ठेवलेल्या, म्हणून वाचल्या. फॉन्टची प्रत मात्र कुठेच नव्हती. फॉन्टाविना त्या अकराशे चाळीस पानांना काही अर्थ नव्हता.

घरजावयाने ठिपका लुकलुकवला. "या फाइलींमधला मजकूर खराब झालेला दिसतो. त्या काढून जागा मोकळी करू का?"

धाकट्यांचं बोट 'हो'वर गेलं होतं, असं त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. पाठीमागे मास्तर बसलेले नसते तर त्यांनी ते दाबलंही असतं. त्यांनी बोट मागे घेतलं आणि मावशींना फोन लावला.

मावशी आल्या, त्यांनी चष्मा चढवला, पडदा पाहिला.

"हे काय आहे?"

"तुमचं काम आहे, मावशी."

"माझं? मी असलं काही केलेलं नाही."

"केलंयत. फक्त वरचं कातडं निघालंय."

मावशी खुर्चीत बसल्या. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण त्यांनी हात कळफलकावर ठेवले आणि पडद्यावरची अक्षरं जशी दिसत होती तशी, एकेक करत, न दाबता नुसती बोटं त्या त्या कळीवर टेकवत गेल्या. एस, मग कंस, मग मोठा के, मग जे. चौथ्या कळीला त्यांचं बोट थबकलं. त्या पुन्हा पहिल्यापासून गेल्या, या वेळी भरभर.

"पटाशी," त्या म्हणाल्या.

मागून मास्तरांनी विचारलं, "काय म्हणालात, बाई?"

"पटाशी. लाकूड तासायचं चपट्या पात्याचं..." बोटं पुढे चालली होती. "...हत्यार. पहा... पहा रंधा. अगं बाई! हे सगळं आहे की इथे!"

मास्तर खुर्ची ओढत पडद्याजवळ आले. त्यांना दिसलं ते डॉलर आणि कंस. त्यांनी मावशींच्या हातांकडे पाहिलं आणि तिथेच पाहत राहिले.

आनंद ओसरल्यावर धाकट्यांनी हिशेब मांडला. मावशींनी बोटांनी वाचून सांगायचं आणि त्यांनी नव्याने टाइप करायचं. संध्याकाळपर्यंत चार पानं झाली. म्हणजे सुट्ट्या धरून पुरतं वर्ष, त्यानंतर प्रूफं, त्यानंतर छपाई. मास्तरांनी तोंडातल्या तोंडात महिने मोजले.

दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर ठिपका पुन्हा लुकलुकला. "तुम्ही या फाइलीतला मजकूर दुसऱ्या लिपीत लिहीत आहात असं दिसतं. कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर हे सांगितलंत, तर उरलेली पानं मी बदलून देऊ शकेन."

"काल फाइली फेकायला निघाला होता, आज मदतीला आलाय," मावशी म्हणाल्या.

"जावई म्हटला की असंच," धाकटे म्हणाले. "सांगा त्याला. थ कुठे आहे?"

मावशींनी कळफलकाकडे पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं. अडतीस वर्षं टाइप करूनही थ कुठल्या कळीवर आहे हे त्यांना सांगता येईना. ढ नाही, भ नाही, रफार नाही. धाकट्यांनी कागद पुढे केला, त्यावर कळफलकाचं चित्र काढलं. मावशींनी त्याकडे अनोळखी गावाच्या नकाशाकडे पाहावं तसं पाहिलं. आपल्याला येतं असं ज्याच्या जिवावर आयुष्यभर म्हटलं ते आपल्याला येतच नाही की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

वाट मास्तरांनी काढली. पस्तीस वर्षं मुलांना शुद्धलेखन घातलेला माणूस. ते म्हणाले, "थ राहू द्या, बाई. लिहा, 'थापी'."

मावशींची बोटं गेली आणि आली. पडद्यावर तीन-चार इंग्रजी चिन्हं उमटली.

"हं. 'ढाचा'."

खट, खट, खट.

"सुटं अक्षर सांगू नका, शब्द सांगा," मावशी एकदम म्हणाल्या. "सुटं अक्षर माझ्या बोटांना कळत नाही."

मग पद्धतच बसली. मास्तर मोठ्याने शब्द सांगायचे, मावशी डोळे मिटून दाबायच्या. घरजावई एकीकडे मास्तरांचा शब्द ऐकायचा, दुसरीकडे पडद्यावर काय उमटलं ते पाहायचा आणि दोन्हींची सांगड घालायचा. मास्तर बाकावर बसून शब्द असे निवडत की एकही जोडाक्षर सुटू नये. इस्त्री, नक्षी, खिट्टी, चक्की, छिन्नी. अधूनमधून घरजावई घोळ करायचा. मास्तरांनी 'रंधा' म्हटलं आणि त्याने 'धंदा' लिहिलं, तेव्हा मास्तर त्याच्यावर वर्गातल्या शेवटच्या बाकावर खेकसावं तसे खेकसले.

"कान कुठे आहेत तुझे? रंधा! र वर अनुस्वार!"

"क्षमा करा. रंधा," घरजावई म्हणाला.

"निदान उलट उत्तर देत नाही," मास्तर मावशींना म्हणाले. "माझे विद्यार्थी द्यायचे."

"ङ राहिला," धाकट्यांनी यादी पाहून सांगितलं.

"वाङ्मय," मास्तर म्हणाले.

मावशींची बोटं हवेतच थांबली. हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात फार तर चाळीस वेळा लिहिला असेल. त्यांनी हात खाली घेतले, बोटं मोडली, पुन्हा ठेवले. उजवी करंगळी जरा चाचपडली आणि कोपऱ्यातल्या एका कळीवर जाऊन पडली. "थोरल्यांनी तिकडे ढकललं होतं ह्याला," त्या म्हणाल्या. "म्हणाले होते, हा पाहुणा आहे, ओसरीवर झोपेल."

दोन दुपारींत एकशे अठरा चिन्हांचा तक्ता तयार झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी घरजावयाने अकराशे चाळीस पानं बदलून पडद्यावर ठेवली. त्याला लागली साडेतीन मिनिटं. पडद्यावर मराठी दिसत होतं, पण वाचायला गेलं की दात पडलेल्या माणसाने बोलावं तसं. 'गणित'चं 'गिणत' झालं होतं, 'कविता'ची 'किवता'.

"वेलांटी," मावशी लगेच म्हणाल्या. "आमच्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी दाबायची, अक्षर मागून. कागदावर ती डावीकडे दिसते म्हणून. ह्याला वाटतंय ती मागच्याच अक्षराची."

हे मात्र त्यांना तोंडाने सांगता आलं. घरजावयाने एकतीस हजार वेलांट्या उचलून जागच्या जागी ठेवल्या. धाकट्यांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला तोवर काम झालं होतं. मावशी त्या दिवशी पहिल्यांदा ठिपक्याकडे पाहून हसल्या. एकतीस हजार वेलांट्या त्यांनी एकटीने दाबल्या होत्या. त्यांना त्यांचं वजन माहीत होतं.

खरी कसोटी दुपारी लागली. घरजावयाने सांगितलं, "प ते भ या भागात दोन हजार एकशे सहा ठिकाणी टक्क्याचं चिन्ह आलं आहे. त्याला तिथे अर्थ दिसत नाही. काढून टाकू का?"

"टाक," धाकटे म्हणाले. दोन दिवसांत त्यांचा घरजावयावर भलताच विश्वास बसला होता.

"थांब!"

मावशींचा आवाज पुढच्या खोलीतल्या छपाई यंत्रापर्यंत गेला. त्यांनी पडद्यावरची एक ओळ बोटाने धरली. फ, टक्का, दुसरी वेलांटी.

"हे काढलं तर काय उरेल? फी. हा शब्द फी नाही. फळी आहे."

मग त्यांनी सांगितलं. सात वर्षांपूर्वी, प लागला त्या आठवड्यात, कळफलकावरची ळची कळ निखळली. नवा कळफलक यायला वेळ होता. मावशींनी ठरवलं की तोवर ळच्या जागी टक्का दाबायचा, भाग संपला की एका आज्ञेत सगळे टक्के बदलून ळ करायचे. भ संपला त्याच सुमारास थोरले दवाखान्यात गेले. ते परत आले नाहीत. नवा कळफलक आला, म सुरू झाला, आणि मागचे टक्के तसेच राहिले. त्या भागाचं प्रूफही कधी निघालं नाही.

"मी विसरले," मावशी म्हणाल्या. "सात वर्षं विसरले."

मास्तर भिंगातून त्या पानाकडे पाहत होते. "गाळणीची झाली असती गाणी," ते सावकाश म्हणाले. "पितळेची झाली असती पिते. आणि मी वाचून मान डोलावली असती, कारण तोवर मला धड दिसलंच नसतं."

धाकट्यांचा चेहरा पडला होता. मावशींनीच घरजावयाला सांगितलं, "ऐक. टक्का म्हणजे ळ. पण सगळेच नव्हेत. पितळेत तांबं किती आणि जस्त किती ते टक्क्यांत दिलंय. ते खरे टक्के आहेत."

"आकड्यानंतर आलेली चार चिन्हं आहेत. ती तशीच ठेवतो, बाकी बदलतो," घरजावई म्हणाला. मग त्याने जोडलं, "हे तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळलं नसतं."

"कळलं कसं असतं?" मावशी म्हणाल्या. "तू तेव्हा होतास कुठे?" पण आवाजात राग नव्हता.

पुढचे तीन महिने प्रूफांत गेले. मास्तर भिंगाने वाचत, दमले की मावशी वाचून दाखवत. ऋणनिर्देश लिहायची वेळ आली तेव्हा घरजावयाने विचारलं, मसुदा करून देऊ का? मास्तरांनी मान हलवली. "हिशेब तू कर. आभार माझे मीच मानतो." त्यांनी कारागिरांची नावं सांगितली, एकशे सत्तर. मग थोरल्यांचं. मग मावशींचं, ज्यावर मावशींनी हरकत घेतली आणि ती कुणी ऐकली नाही.

"ह्याचंही घाला," मावशी ठिपक्याकडे हनुवटी उडवत म्हणाल्या. "एवढं राबलाय आणि एकदाही चहा मागितला नाही."

"काय म्हणून घालू?"

"घरजावई," धाकटे म्हणाले.

"कोशात? माझ्या?" मास्तरांनी विचार केला. "लिहा, 'छापखान्यातील संगणकाचा मदतनीस, ज्याला ऐकून घेता येतं.'"

मावशी आता आठवड्यातून तीन दिवस येतात. डबीत थोरल्यांच्या फॉन्टातली आणखी दोनशे पुस्तकं आहेत. त्या ती एकेक करून सोडवतात आणि त्यांच्या लेखकांना फोन करतात. काही जण हयात नाहीत, त्यांच्या मुलांना करतात. तक्ता झाल्यापासून घरजावयाला त्यांची तशी गरज उरलेली नाही, पण प्रत्येक फाइलीत कुठे ना कुठे असं काहीतरी निघतंच जे तक्त्यात नसतं. एकदा एका पुस्तकभर प्रत्येक पूर्णविरामानंतर दोन जागा सोडलेल्या निघाल्या. घरजावयाने कारण विचारलं. मावशी म्हणाल्या, त्या महिन्यात अंगठा दुखावला होता. तो म्हणाला, नोंद करून ठेवतो.

कोश छापून, शिवून, पुठ्ठ्यात बसून आला तेव्हा नजरेची मुदत संपायला सहा महिने बाकी होते. धाकट्यांनी पहिली प्रत मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी ती काखेत घातली, काठी घेतली आणि दाराकडे निघाले.

"परवा आणून देतो तपासून," ते म्हणाले.

"मास्तर," मावशी म्हणाल्या, "हे प्रूफ नाही. पुस्तक आहे."

मास्तर दारातच थांबले. मग ते वळले, मावशींच्या टेबलासमोरच्या बाकावर बसले, भिंग काढलं आणि पहिलं पान उघडलं. संध्याकाळी धाकट्यांनी पुढचं दार लावून घेतलं तेव्हा मास्तर 'आरी'पर्यंत आले होते.